डॉ. होमी भाभा : अदृश्य किरणांचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेचा पाया घालणारे वैज्ञानिक

फरीदाबाद : फरीदाबादसारख्या औद्योगिक नगरीतील रुग्णालय असो वा विदर्भातील एखादे तालुक्याचे ठिकाण, एक्स-रे विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटा बॅज लावलेला असतो. रुग्णांचे त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तंत्रज्ञाच्या शरीराला तीन महिन्यांत किती किरणोत्सर्ग लागला, याची नोंद हा बॅज ठेवतो आणि ती नोंद एका राष्ट्रीय व्यवस्थेत जमा होते. या व्यवस्थेची मुळे मुंबईत, १९५० च्या दशकात डॉ. होमी जहांगीर भाभा यांनी उभारलेल्या संस्थांमध्ये आहेत. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक ही भाभा यांची ओळख सर्वपरिचित आहे. किरणांची मात्रा मोजण्याची आणि तिला मर्यादा घालण्याची शिस्त देशात रुजवण्यातील त्यांचा वाटा मात्र तुलनेने कमी बोलला जातो.

कुटुंबाने पाहिलेला कर्करोग

भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे बॅरिस्टर होते. आजोबांनी म्हैसूर संस्थानाच्या शिक्षण खात्यात वरिष्ठ पद भूषवले होते. आत्या मेहेरबाई यांचा विवाह जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे उद्योग, शिक्षण आणि राष्ट्रउभारणी यांविषयीच्या चर्चा होमी यांच्या कानावर बालपणापासूनच पडत होत्या. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेऊन १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ महाविद्यालयात दाखल झाले.

मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची अपेक्षा होती. होमी यांचे मन मात्र भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होते. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळवल्यास गणित शिकण्याची मुभा मिळेल, असा तोडगा घरात निघाला. १९३० मध्ये त्यांनी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण केली आणि १९३२ मध्ये गणिताची.

याच काळात कुटुंबावर आघात झाला. लेडी मेहेरबाई टाटा यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ मध्ये वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. त्या काळी कर्करोगावर शस्त्रक्रियेखेरीज रेडियम आणि उच्च दाबावर चालणारी क्ष-किरण यंत्रे हेच मुख्य उपाय होते आणि भारतात त्यांची उपलब्धता अत्यल्प होती. पत्नीच्या आजारपणात परदेशात पाहिलेले उपचार मायदेशातही मिळावेत, अशी दोराबजींची इच्छा होती. पुढच्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने ही इच्छा पूर्णत्वास नेली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईतील परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. भाभा यांच्या आयुष्यात हे रुग्णालय दोन दशकांनंतर पुन्हा येणार होते.

केंब्रिजमधील उच्च दाबाचे युग

क्ष-किरण नळीचे तत्त्व साधे आहे. निर्वात नळीत तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हजारो व्होल्टच्या दाबाने ते वेगाने ओढले जातात आणि टंगस्टनच्या पट्टीवर आदळतात. अचानक वेग मंदावल्याने त्यांच्या ऊर्जेचा सुमारे एक टक्का भाग क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि उरलेली जवळपास सर्व ऊर्जा उष्णतेत जाते. रुग्णालयातील निदानासाठी साधारण ४० ते १५० किलोव्होल्ट दाब लागतो. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी तुलना केल्यास या आकड्याचा अर्थ लक्षात येतो.

भाभा केंब्रिजमध्ये गणित शिकत असताना, एप्रिल १९३२ मध्ये, तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या प्रोटॉनच्या माऱ्याने लिथियमचे अणुकेंद्रक फोडले. त्यासाठी त्यांनी रोहित्र, रेक्टिफायर आणि कंडेन्सर यांची पायरीपायरीने रचना करून काही लाख व्होल्टचा दाब निर्माण केला होता. स्विस भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश ग्राइनाखर यांनी आधी मांडलेल्या कल्पनेचा हा विस्तार होता. प्रत्येक पायरीवर कंडेन्सर भारित होतात, त्यांचे दाब एकमेकांत मिळवले जातात आणि कमी दाबाच्या विजेपासून फार मोठा एकदिश दाब मिळतो. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांना या कार्यासाठी १९५१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी आज एक्स-रे यंत्रांच्या उच्च दाब पुरवठ्यातही वापरली जाते.

प्रयोगशाळेतील या वातावरणात भाभा यांचे स्वतःचे संशोधन आकाराला आले. त्यांचा विषय होता विश्वकिरण, म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर सतत येणारे अतिशय ऊर्जावान कण. १९३३ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे गणित मांडले. भौतिकशास्त्रात ते आजही भाभा विकिरण या नावाने शिकवले जाते. १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला.

या सिद्धांताचा क्ष-किरणांशी जवळचा संबंध आहे. वेगवान इलेक्ट्रॉन अणूजवळून जाताना मंदावतो आणि किरण बाहेर टाकतो, हीच क्रिया क्ष-किरण नळीत घडते. विश्वकिरणांच्या बाबतीत ऊर्जा इतकी प्रचंड असते की बाहेर पडलेल्या किरणापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची नवी जोडी जन्माला येते. ती जोडी पुन्हा किरण टाकते आणि ही साखळी वाढत जाते. शिशाच्या पातळ थरातून गेल्यावर कणांची संख्या आधी वाढते आणि थर पुरेसा जाड झाल्यावरच घटते, हे कोडे या सिद्धांताने उलगडले. किरण पदार्थात शिरल्यावर त्यांची ऊर्जा कोठे आणि कशी जिरते, हा भाभा यांच्या अभ्यासाचा गाभा होता. किरणोत्सर्गाच्या मात्रेच्या मोजमापाचा मूळ प्रश्नही हाच आहे.

सुटी जी कायमची ठरली

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध पेटल्याने परत जाऊ शकले नाहीत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. तेथे भाभा यांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपल्यावर परदेशात परतण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. मात्र देशातच उच्च दर्जाची संशोधन संस्था उभी करण्याचा निर्धार त्यांनी केला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला तसा प्रस्ताव पाठवला. टाटा स्मारक रुग्णालय उभारणाऱ्या याच निधीच्या आधाराने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. तिचे काम बंगळुरूत सुरू झाले आणि त्याच वर्षी ते मुंबईतील पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आले. पुढे संस्थेने कुलाब्यात बस्तान बसवले. तेथील बराकींमध्ये १९५० च्या दशकात दहा लाख व्होल्टचा कॅस्केड जनित्र संच बसवण्यात आला. केंब्रिजमध्ये जन्मलेली कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन पद्धत अशा रीतीने मुंबईतील तरुण संशोधकांच्या हाती आली.

उपकरणे आयात करण्यावर भाभा यांचा भर नव्हता. किरण मोजणारी उपकरणे, गणकयंत्रे आणि विद्युत पुरवठ्याचे संच शक्यतो देशातच तयार व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता. संस्थेत सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक्सची छोटी कार्यशाळा पुढे तुर्भे येथील विभागात वाढली आणि त्यातूनच १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सार्वजनिक कंपनी साकारली. १९६३ मध्ये सरकारने नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचे अध्यक्षपदही भाभा यांच्याकडे होते.

मात्रेचा प्रश्न

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतरच्या पहिल्या दशकांत डॉक्टर आणि तंत्रज्ञ यंत्राची तपासणी स्वतःच्या हातावर करत असत. त्याची किंमत अनेकांनी बोटे, हात आणि अखेर प्राण देऊन मोजली. थॉमस एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचा १९०४ मध्ये झालेला मृत्यू हे त्याचे आरंभीचे उदाहरण आहे. किरण दिसत नाहीत, लागताना दुखत नाहीत आणि त्यांचा परिणाम काही वेळा वर्षानुवर्षांनी प्रकट होतो. त्यामुळे मोजमाप हाच संरक्षणाचा पहिला आधार ठरतो.

१० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा आस्थापना आणि केंद्रात स्वतंत्र अणुऊर्जा विभाग सुरू झाला. अणुभट्टी उभी राहण्यापूर्वीच, १९५० च्या दशकाच्या आरंभी, किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी फिल्म बॅजची सेवा सुरू करण्यात आली होती. प्रकाशापासून झाकलेली छायाचित्रणाची छोटी फिल्म कर्मचाऱ्याने अंगावर वागवायची आणि ठरावीक काळाने ती धुवून तिच्या काळेपणावरून मात्रा काढायची, अशी ही पद्धत होती. ४ ऑगस्ट १९५६ रोजी आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक असलेली अप्सरा कार्यान्वित झाली, तेव्हा किरण सुरक्षेचा विचार कामाचाच भाग बनला होता. डॉ. ए. के. गांगुली यांच्या नेतृत्वाखाली तुर्भे येथे आरोग्य भौतिकीचा विभाग वाढला.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही भारताने हा विषय लावून धरला. अणुऊर्जेच्या शांततामय वापराविषयी १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद भाभा यांनी भूषवले. त्याच वर्षी किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी वैज्ञानिक समिती स्थापन केली आणि भारत तिचा आरंभापासून सदस्य राहिला. समितीवर भारताचे प्रतिनिधित्व टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केले.

१९६२ हे वर्ष या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी संमत झालेल्या अणुऊर्जा कायद्यात किरण निर्माण करणाऱ्या यंत्रांच्या सुरक्षेबाबत नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. अणुभट्टीइतकेच गल्लीतील एक्स-रे केंद्रही त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आले. त्याच वर्षी टाटा स्मारक रुग्णालय आरोग्य मंत्रालयाकडून अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. कर्करोगाच्या निदानात आणि उपचारात किरणांची भूमिका वाढत जाणार, हे भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांनी ओळखले होते. आत्याच्या मृत्यूनंतर उभे राहिलेले रुग्णालय अशा रीतीने भाच्याच्या विभागाकडे आले.

माँ ब्लाँवरील शेवट

भाभा यांचे व्यक्तिमत्त्व अनेक पैलूंचे होते. ते उत्तम चित्रे काढत, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे ते जाणकार होते आणि संस्थेच्या भिंतींवर समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. तुर्भे आणि कुलाबा येथील उद्यानांची आखणी आणि वृक्षांची जपणूक यांत ते जातीने लक्ष घालत. ते अविवाहित राहिले.

त्यांच्या कार्यपद्धतीवर टीकाही झाली. अणुसंशोधनाची सूत्रे एका व्यक्तीच्या आणि एका विभागाच्या हाती एकवटली आहेत, त्याभोवती गुप्ततेचे कवच आहे आणि विद्यापीठे बाजूला पडत आहेत, असे आक्षेप घेण्यात आले. डॉ. मेघनाद साहा यांनी १९५४ मध्ये लोकसभेत हा विषय मांडला होता. विकास करणारी आणि देखरेख ठेवणारी यंत्रणा एकाच छत्राखाली असावी का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी जात असताना एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ५६ वर्षांचे भाभा होते. पुढील वर्षी तुर्भे येथील आस्थापनेला त्यांचे नाव देण्यात आले.

आजच्या यंत्रांतील शिस्त

भाभा यांच्या पश्चात ही व्यवस्था पुढे सरकली. १९७५ पासून फिल्म बॅजची जागा टीएलडी बॅजने घेण्यास सुरुवात केली. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या संयुगाच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि तापवल्यावर प्रकाशाच्या रूपाने परत करतात. त्या प्रकाशावरून मात्रा कळते. हे तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच विकसित केले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. मंडळाच्या निकषांनुसार किरणांजवळ काम करणाऱ्या व्यक्तीसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट ही मर्यादा आहे आणि कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या पुढे जाऊ नये. सर्वसामान्य नागरिकांसाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलीसिव्हर्ट आहे. वैद्यकीय तपासणीत रुग्णाला मिळणारी मात्रा या मर्यादेत मोजली जात नाही. तेथे तपासणी खरोखर आवश्यक असणे आणि ती कमीत कमी मात्रेत होणे, हे दोन निकष लागू होतात.

बॅज मात्रा मोजतो, पण ती आवरण्याचे काम यंत्राच्या उच्च दाब पुरवठ्यात होते. नळीवरील किलोव्होल्ट वाढवले की किरण अधिक भेदक होतात. नळीतील प्रवाह आणि वेळ यांचा गुणाकार वाढवला की किरणांची संख्या त्याच प्रमाणात वाढते. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांत दाब क्षणोक्षणी चढत-उतरत असे. दाब खाली असतानाचे दुबळे किरण त्वचेतच जिरून जात. त्यांचा चित्राला उपयोग होत नसे, मात्र रुग्णाची मात्रा वाढत असे. आधुनिक यंत्रे विजेची वारंवारता शेकडो पटींनी वाढवून किलोहर्ट्झच्या घरात नेतात आणि गुणक जोडणीतून जवळपास स्थिर दाब मिळवतात. दाब ढळला तर तो क्षणार्धात सावरला जातो. चित्रासाठी पुरेसे किरण पोहोचले की संवेदक नळी आपोआप बंद करतो आणि ॲल्युमिनियमची गाळणी उरलेले दुबळे किरण अडवते.

तंत्र प्रगत झाले, तरी अंमलबजावणीतील उणिवा गंभीर आहेत. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ च्या अहवालात नोंदवले की, देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी केवळ ५,२७० केंद्रे नोंदणीकृत होती. सुमारे ९१ टक्के केंद्रे नियामकाच्या नजरेबाहेर चालू होती. प्रत्येक राज्यात किरण सुरक्षा संचालनालय स्थापन करण्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ मधील निर्देशाची पूर्तता तोवर मोजक्याच राज्यांनी केली होती. नियामक मंडळाला पुरेशी स्वायत्तता नसल्याचेही अहवालात म्हटले होते. त्यानंतर परवाना प्रक्रिया ऑनलाइन करण्यात आली आणि नोंदणीचा वेग वाढला.

राजधानी क्षेत्राने निष्काळजीपणाचे परिणाम जवळून पाहिले आहेत. एप्रिल २०१० मध्ये पश्चिम दिल्लीतील मायापुरी येथील भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ उघडा पडला. दिल्ली विद्यापीठाने वापराबाहेर गेलेले गॅमा किरणांचे यंत्र भंगारात विकल्याचे तपासात निष्पन्न झाले. या घटनेत एका कामगाराचा मृत्यू झाला आणि अनेक जण गंभीर आजारी पडले. त्यांच्यापैकी कोणाच्याही छातीवर बॅज नव्हता आणि आपण काय हाताळत आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती.

२४ ऑगस्ट २०२२ रोजी पंतप्रधानांनी फरीदाबाद येथे अमृता रुग्णालयाचे उद्घाटन केले आणि त्याच दिवशी पंजाबमधील मुल्लांपूर येथे होमी भाभा कर्करोग रुग्णालय राष्ट्राला अर्पण केले. टाटा स्मारक केंद्राच्या छत्राखाली भाभा यांच्या नावाची रुग्णालये आज वाराणसी, संगरूर आणि विशाखापट्टणम येथेही कार्यरत आहेत. देशात तयार झालेल्या कोबाल्ट उपचार यंत्राला भाभाट्रॉन हे नाव देण्यात आले आहे. अशा रुग्णालयांत आणि गावोगावच्या लहान एक्स-रे केंद्रांत किरणांचा उपयोग दिवसेंदिवस वाढत आहे. मात्रा मोजण्याची, तिची नोंद ठेवण्याची आणि मर्यादा ओलांडल्यास काम थांबवण्याची जी सवय तुर्भे येथे लावण्यात आली, ती प्रत्येक केंद्रापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र अद्याप पूर्ण झालेले नाही.